एकदाच निवडलेली जागा : बार्नेकलच्या जगाची प्रस्तावना

हरिहरेश्वरला देवळामागच्या पायऱ्या उतरून ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेच्या वाटेला लागले, की काळा कातळ थोडे अंतर गुळगुळीत असतो आणि मग एकदम पायाला टोचू लागतो. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला बारीक चिरा पडतात. खडकाला शिंपल्यांचा चुरा चिकटला असेल, असे समजून बहुतेक जण जपून पाय टाकत पुढे जातात. पण तिथला चार-पाच मिलिमीटरचा प्रत्येक करडा उंचवटा हा एक स्वतंत्र जीव असतो. त्याला तोंड असते, आतडे असते, पायांच्या सहा जोड्या असतात आणि विणीच्या काळात तो आपल्या कवचाच्या आत अंडी सांभाळत असतो. कोळंबी आणि खेकडा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा प्राणी म्हणजे बार्नेकल.

जगात बार्नेकलच्या हजाराहून अधिक जाती माहीत आहेत. त्यांतल्या काही लवचीक देठावर लोंबतात. समुद्रातून वाहत आलेल्या ओंडक्यांवर, बाटल्यांवर, तुटलेल्या जाळ्यांच्या बोयांवर त्यांचे घोस किनाऱ्याला लागतात. काही जाती खेकड्याच्या शरीरात मुळांसारख्या पसरून परजीवी आयुष्य काढतात. त्यांच्याकडे पाहून हे बार्नेकल आहेत, अशी शंकाही येत नाही. या पुस्तकाचा विषय तिसरा गट आहे : देठ नसलेले, चुनखडी पाट्यांची भिंत उभारून थेट खडकाला, लाकडाला, लोखंडाला चिकटणारे एकॉर्न बार्नेकल. किनाऱ्यावर आपली गाठ पडते ती मुख्यतः यांच्याशी.

एवढ्याशा प्राण्यावर अख्खे पुस्तक कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. जीवशास्त्राच्या पुस्तकांत प्राण्याची शरीररचना एका प्रकरणात आणि तो राहतो कुठे हे दुसऱ्या प्रकरणात सांगण्याची रीत आहे. बार्नेकलच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. हा प्राणी आयुष्यात एकदा जागा निवडतो आणि मरेपर्यंत तिथेच राहतो. अन्न, जोडीदार, ऊन, लाटांचा मार, शत्रू हे सगळे त्या एका निवडीने ठरून जाते. त्याचे शरीर समजून घ्यायचे तर ती जागा समजली पाहिजे, आणि जागा समजून घ्यायची तर ती निवडणारा अर्ध्या मिलिमीटरचा डिंभ, म्हणजे त्याचे पोहणारे पिल्लू, समजला पाहिजे. पुस्तकाची सगळी मांडणी मी या निवडीभोवती केली आहे, आणि ही प्रस्तावनाही त्याच वाटेने जाणार आहे.

आधी वाढलेला प्राणी पाहू. ओहोटीत खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. पाणी बोटभर खोल असेल असा एखादा खळगा शोधावा, आपली सावली त्यावर पडणार नाही अशा बेताने बसावे आणि साधे भिंग घेऊन खाली वाकावे. आधी दिसते ती टोक छाटलेल्या शंकूच्या आकाराची भिंत. ती चार, सहा किंवा आठ पाट्यांची असते. वरच्या तोंडाशी चार लहान पाट्यांचे दार असते, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. थोडा वेळ काहीच घडत नाही. मग दाराची फट किंचित रुंदावते, तिच्यातून तपकिरी, केसाळ पिसारा बाहेर येतो, पसरतो, आतल्या बाजूला वळतो आणि नाहीसा होतो. लगेच पुन्हा बाहेर. कोळ्याने खाडीत पाग फेकून ओढावा, तशी ही हालचाल आहे आणि कामही तेच आहे. पिसारा म्हणजे प्राण्याचे पाय. मागच्या तीन लांब जोड्या पाण्यातून प्लवक गाळून घेतात, पुढच्या तीन आखूड जोड्या ते खरवडून तोंडाकडे पोचवतात. डोक्याच्या बाजूने तळाला चिकटलेला हा प्राणी पाय वर करून जेवतो.

आता त्याच्यावर हाताची सावली पाडून पाहा. पिसारा क्षणात आत जातो आणि दार मिटते. वाढलेल्या बार्नेकलला चित्र दिसेल असे डोळे उरलेले नसतात, पण प्रकाश ओळखणारे साधे नेत्रबिंदू असतात आणि उजेड एकदम कमी झाल्याची खबर ते देतात. सावली माशाची असू शकते, आणि माशाने पाय खुडून नेले तर जेवण थांबते. एका जागी खिळलेल्या प्राण्याला पळून जाण्याची सोय नाही. दार मिटणे हाच त्याचा सगळ्या संकटांवरचा उपाय आहे. ऊन तापले की दार मिटते, पावसाचे गोडे पाणी आले की दार मिटते, शंख अंगावर चढला की दार मिटते.

लाटा आणि प्रवाह कसे आहेत यावर जेवणाची पद्धतही बदलते. पाणी संथ असेल तर बार्नेकल पाय सतत हलवतो. प्रवाह जोराचा असेल तर पाय नुसते पसरून धरतो आणि पाणी आपणहून त्यातून गाळले जाते. याच्याही पुढची गोष्ट अशी, की खवळलेल्या किनाऱ्यावर वाढलेल्या बार्नेकलचे पाय आखूड आणि जाड असतात, तर त्याच जातीच्या, पण आडोशाच्या खाडीत वाढलेल्या बार्नेकलचे लांब आणि नाजूक. जागा शरीर घडवते, हे विधान इथे अगदी शब्दशः खरे आहे.

भिंत आणि शरीर यांची वाढ वेगवेगळ्या रीतीने होते. पाट्यांच्या कडांवर चुन्याचे थर चढत जातात, त्यामुळे भिंत कधी टाकावी लागत नाही. आतला मऊ प्राणी मात्र कोळंबीसारखीच कात टाकतो, पायांच्या पिसाऱ्यासकट. शांत पाण्यात या पारदर्शक काती तरंगताना दिसतात. या प्राण्याला हृदय नसते. शरीराच्या हालचालींनीच रक्त खेळते राहते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या राक्षसी बार्नेकलच्या, बॅलॅनस न्यूबिलसच्या, स्नायूंचे तंतू इतके जाड असतात, की एकेक तंतू सुटा करून त्यावर प्रयोग करता येतात. स्नायू आखडताना त्यात कॅल्शियमची पातळी कशी चढते-उतरते, हे ॲशली आणि रिजवे यांनी १९६७ मध्ये अशाच तंतूंत प्रत्यक्ष टिपले. पेशींतल्या विद्युत लहरींचे मॉरिस-लेकार हे गणिती प्रारूप १९८१ चे; तेही बार्नेकलच्या स्नायूवरूनच आले आणि आज मेंदूच्या अभ्यासात शिकवले जाते.

आता निवडीकडे वळू. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण या विषयाला दिले आहे आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही.

अंडी आईबापाच्या भिंतीआडच उबतात आणि पाण्यात सुटतो तो नॉप्लियस डिंभ. त्याला एकच डोळा, अवयवांच्या तीन जोड्या आणि पुढच्या बाजूला दोन शिंगे असतात. नॉप्लियस कोळंबीच्या कुळात इतरत्रही आढळतात, पण अशी शिंगे फक्त बार्नेकल आणि त्यांच्या अगदी जवळच्या नातलगांच्या नॉप्लियसला. तो सूक्ष्म वनस्पती खात, कात टाकत सहा अवस्था पार करतो. आपल्या बंदरांत सर्रास आढळणाऱ्या अँफिबॅलॅनस अँफिट्राइट या जातीला प्रयोगशाळेतल्या कोमट पाण्यात याला चार-पाच दिवस पुरतात. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातल्या सेमिबॅलॅनस बॅलॅनॉइडिसला कित्येक आठवडे लागतात.

सहाव्या अवस्थेनंतर कात टाकून जे बाहेर येते ते वेगळेच काही असते. दोन झडपांचे पारदर्शक कवच, संयुक्त डोळ्यांची एक जोडी, पुढे दोन शृंगिका आणि शरीरात साठवलेले तेलाचे थेंब. हा सायप्रिस डिंभ. तो काही खात नाही. साठवलेल्या तेलावर त्याला एकच काम उरकायचे असते : जागा शोधायची. आयुष्यात इतके चांगले डोळे त्याला याआधी नव्हते आणि यानंतरही असणार नाहीत. जागेच्या निवडीसाठीच ते लाभलेले असतात, असे म्हणायला हरकत नाही.

सायप्रिस खडकावर उतरतो आणि चालू लागतो. दोन्ही शृंगिकांच्या टोकांना चिकट चकत्या असतात. एक चिकटवायची, दुसरी सोडवायची, पुढे टाकायची. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहताना तो पृष्ठभाग चाचपतो आहे, हे स्पष्ट कळते. काही अंतर सरळ जातो, मग लहान लहान वळणे घेतो, एका जागी पुढे-मागे होतो, आणि बऱ्याचदा सगळे सोडून पुन्हा पोहत निघून जातो. खडबडीतपणा, खाचा, उजेड, पाण्याचा वेग, जिवाणूंचा थर हे सगळे तो तपासतो. सर्वांत जास्त वजन मात्र एका गोष्टीला असते : इथे आपल्या जातीचे कोणी राहते का? नाइट-जोन्स यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, की सायप्रिस आपल्या जातीच्या बार्नेकलजवळ बसणे पसंत करतात. वाढलेल्या बार्नेकलच्या कवचातली प्रथिने ही त्यांची खूण असते, आणि ती नुसत्या वासाने नव्हे, स्पर्शाने ओळखली जाते. इतकेच नाही, तर चालताना सायप्रिसच्या चकत्यांतून प्रथिनाचे सूक्ष्म ठसे मागे उरतात आणि पाठोपाठ येणारे डिंभ त्या ठशांकडेही आकर्षित होतात.

यामागचा हिशेब चोख आहे. जिथे आधीच कोणी जगून मोठे झाले आहे, ती जागा राहण्याजोगी आहे याचा दुसरा पुरावा कशाला हवा? शिवाय पुढे जोडीदारही तिथेच मिळणार आहे. पण तेलाचा साठा संपत चालला की सायप्रिसची चोखंदळ वृत्ती कमी होते आणि मिळेल त्या जागेवर तो समाधान मानतो. बाटलीवर, चपलेवर, नायलॉनच्या दोरीवर बसलेली बार्नेकल दिसतात, त्यांतली बरीच अशी वेळ टळत आल्यावर बसलेली असावीत, असे मला वाटते.

जागा ठरली की शृंगिकांमधून सिमेंटचा थेंब बाहेर पडतो. पाण्याखाली, ओल्या आणि मळकट पृष्ठभागावर घट्ट बसणारा हा डिंक माणसाला अजून जसाच्या तसा करता आलेला नाही. दंतवैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही क्षेत्रांतले संशोधक त्याच्या प्रथिनांचा अभ्यास करतात ते याचसाठी. साधारण एका दिवसात कवच आणि संयुक्त डोळे टाकून दिले जातात, शरीराची दिशा फिरते आणि लहानसे बार्नेकल तयार होते. आता परतीची वाट नाही.

जागेचा प्रश्न प्रजननातही पुढे येतो. एकॉर्न बार्नेकल बहुतेक उभयलिंगी असतात, तरी साधारणपणे ते शेजाऱ्याशीच संकर करतात. जागचे न हलता हे कसे साधायचे? त्यासाठी त्यांना शरीराच्या कितीतरी पट लांब शिश्न असते. शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतले सर्वांत लांब शिश्न हेच. ते भिंतीबाहेर येऊन आजूबाजूला चाचपते आणि अंडी तयार असलेला शेजारी शोधते. कॅनडातल्या न्यूफेल्ड आणि पामर यांनी २००८ मध्ये दाखवले, की लाटांच्या माऱ्यातल्या बार्नेकलचे शिश्न आखूड आणि जाड, तर शांत पाण्यातल्यांचे लांब आणि सडपातळ असते. जागा बदलली की हा अवयवही बदलतो. शेजारी आवाक्याबाहेर असेल तर वंश खुंटण्याची भीती असते. फार गर्दी असेल तर रुंद व्हायला जागा नसते. मग बार्नेकल उंच वाढतात, तळाची पकड कमी होते आणि एखाद्या उधाणात वीतभर जागेतली सगळी वस्ती एकदम उखडून निघते.

एवढी चिकित्सा करून निवडलेली जागाही नेहमी मानवत नाही. याचा आजवरचा सर्वांत सुंदर पुरावा स्कॉटलंडमधल्या कंब्रे बेटावरच्या मिलपोर्टचा आहे. तिथल्या खडकावर दोन जाती दोन पट्ट्यांत राहतात. वर लहान क्थॅमॅलस, खाली मोठा सेमिबॅलॅनस. दोघांचे डिंभ मात्र याहून बऱ्याच मोठ्या पट्ट्यात बसतात. मग प्रौढ वेगळे कसे? जोसेफ कॉनेल यांनी खडकांचे तुकडे चिन्हांकित केले, काहींवरचे सेमिबॅलॅनस नियमाने काढून टाकले आणि एकेका बार्नेकलचा नकाशा ठेवला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आजही पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सेमिबॅलॅनस काढला की क्थॅमॅलस खालीही व्यवस्थित जगतो. त्याला तिथून हुसकावतो तो वेगाने वाढणारा शेजारी. तो त्याच्यावर चढतो, त्याला चिरडतो किंवा खालून उचकटून काढतो. वरच्या पट्ट्यात मात्र सेमिबॅलॅनस उन्हाने आणि कोरडेपणाने मरतो, आणि तिथे क्थॅमॅलस सुरक्षित राहतो. वरची सीमा हवामान ठरवते, खालची सीमा शेजारी आणि शत्रू. या एका अभ्यासाने किनाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, असे माझे मत आहे. त्यात महागडे एकही उपकरण नव्हते. चिकाटी होती.

आपल्या किनाऱ्यावर हेच पट्टे वेगळ्या जातींनी आणि वेगळ्या मापात दिसतात. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणून मुंबईच्या उभ्या दगडी धक्क्यावर पट्टे ऐसपैस पसरलेले दिसतात, दक्षिणेकडे जावे तसे ते जवळ येतात. सर्वांत वर, जिथे भांगाच्या दिवसांत पाणी पोचतही नाही, तिथे क्थॅमॅलस मलायेन्सिसचा करडा थर असतो. सहा पाट्या, चपटी भिंत, चांदणीसारखी कड. वैशाखात त्या कातळावर हात ठेवता येत नाही. क्थॅमॅलस दार मिटून, आतला ओलावा जपत तिथे तग धरतो. त्याच्या खाली मोठी बार्नेकल आणि कालवे जागेसाठी झगडतात, आणि त्यांच्यात हिंडतात मांसाहारी शंख. ते बार्नेकलची भिंत पोखरतात किंवा दाराच्या पाट्या उचकटतात. रिकाम्या, दार गेलेल्या भिंतींचा पट्टा दिसला तर आसपासच्या भेगा तपासाव्यात. शंख बहुधा तिथेच सापडतात.

एक खूण सांगून ठेवतो. काही बार्नेकल खरवडून काढली की खडकावर पांढरी चुनखडी चकती उरते. त्यांचा तळही चुन्याचा असतो. अँफिट्राइट त्यांतलेच. क्थॅमॅलसचा तळ पातळ पापुद्र्याचा असतो, त्यामुळे मागे अशी चकती राहत नाही. भिंग नसले तरी ही खूण उपयोगी पडते.

खुल्या किनाऱ्यापेक्षा खाडी हा अधिक कठीण अधिवास आहे, आणि पुस्तकात मी तिला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. मे महिन्यात खाडीच्या तोंडाशी समुद्राइतके खारट असलेले पाणी जुलैत जवळजवळ गोडे होते. तिवरांची खोडे, चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळे, पुलांचे खांब, मासे पकडण्यासाठी रोवलेले खुंट, जुन्या जेटीचे लाकूड या सगळ्यांवर बसलेल्या बार्नेकलना हा बदल दर वर्षी सोसावा लागतो. गोव्याच्या जुवारी खाडीत अँफिट्राइटच्या नव्या पिढीची भरती कशी होते, याचा दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पावसाळा म्हणजे सलग एक ऋतू नसतो. पाऊस मध्ये थांबतो, पाणी निवळते, सूक्ष्म वनस्पती वाढतात, बार्नेकल डिंभ सोडतात, आणि तेवढ्यात पाऊस पुन्हा सुरू झाला तर ती पिढी वाया जाऊ शकते. शेतकऱ्याच्या दुबार पेरणीचे संकट आपण वर्तमानपत्रांत वाचतो. समुद्रकाठच्या या प्राण्यालाही पावसाची उघडीप फसवते.

हलत्या जागांवरचे प्रकरण वाचकांना बहुधा सर्वांत आवडेल. बार्नेकल जहाजाच्या तळावर बसते तेव्हा त्याची जागा स्थिर राहते आणि जग फिरते. अँफिट्राइट जहाजांबरोबर इतक्या बंदरांत पोचले आहे, की त्याचे मूळ घर नुसत्या नकाशावरून ओळखणे अवघड झाले आहे. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडचे ऑस्ट्रोमिनियस मॉडेस्टस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांवरून इंग्लंडला गेले आणि पुढे युरोपच्या किनाऱ्यावर पसरले. जहाजमालकांसाठी हा मोठा खर्चाचा विषय आहे. मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, तळावर अशा चुनखडी जीवांचा दाट थर असलेल्या युद्धनौकेला ताशी १५ सागरी मैलांचा वेग राखायला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती लागू शकते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये अलार्म या नौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला तो अंशतः असल्याच त्रासाला कंटाळून.

विसाव्या शतकात कथिलाची संयुगे घातलेले रंग आले. तळ स्वच्छ राहिले, पण त्या विषाने फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरातली कालवांची शेती कोलमडली आणि समुद्री शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर या रंगांना बंदी घातली. जागतिक करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. एका प्राण्याला हटवण्यासाठी आपण सगळ्या किनाऱ्याला विष पाजले, हे विसरता कामा नये. आपल्याकडे पावसाळी बंदीच्या आधी होड्या वर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा तळ खरवडणारे हात हेच काम पिढ्यान्‌पिढ्या साध्या हत्यारांनी करत आले आहेत. कोणत्या महिन्यात थर जाड बसतो, कोणत्या खाडीत होडी नांगरली की तळ लवकर भरतो, हे त्या लोकांना तोंडपाठ असते. पुस्तकातल्या अनेक नोंदींसाठी मी त्यांचा ऋणी आहे.

कासवांच्या पाठीवरही एक जाती राहते : केलोनिबिया टेस्टुडिनेरिया. वेळास, आंजर्ल्याला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे तिच्या यजमानांपैकी आहेत. ही जाती आपल्या नियमाला अपवाद ठरली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की ती कवचावर अतिशय हळूहळू, प्रवाहाच्या उलट दिशेने सरकते, बहुधा पुढच्या जागी अन्न चांगले मिळते म्हणून. देवमाशांच्या त्वचेत रुतून बसणाऱ्या जातींचे वर्णनही त्याच प्रकरणात आहे.

या प्राण्याची ओळख पटायलाच माणसाला फार उशीर लागला. लिनियसने आणि नंतर क्युव्हिएनेही बार्नेकलला शंख-शिंपल्यांबरोबर मृदुकाय प्राण्यांत ठेवले होते. बाहेरची भिंत पाहिली तर त्यात काही वावगे वाटत नाही. आयर्लंडमधल्या कॉर्क इथे असलेले सैन्यातले वैद्य जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी समुद्रातून गाळून काढलेले सायप्रिस भांड्यातल्या पाण्यात ठेवले आणि त्यांची बार्नेकल होताना पाहिली. १८३० मध्ये त्यांनी हे छापले. कोडे सुटले ते प्रौढाच्या शवविच्छेदनाने नव्हे, डिंभ वाढवून पाहिल्याने. अभ्यासकाने या गोष्टीची आठवण कायम ठेवावी.

चार्ल्स डार्विनने चिलीच्या चोनोस बेटांवर १८३५ मध्ये एका शंखाला भोके पाडून राहणारे टाचणीच्या डोक्याएवढे विचित्र बार्नेकल गोळा केले होते. १८४६ मध्ये त्याचे वर्णन करायला तो बसला आणि सगळ्या जगातली बार्नेकल तपासूनच १८५४ मध्ये उठला. या कामासाठी १८५३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे पदक मिळाले. जिवंत जातींचे दोन आणि जीवाश्मांचे दोन, असे चार खंड त्यातून झाले. एकाच जातीतले प्राणी एकमेकांहून किती वेगळे असू शकतात, हे त्याला या वर्षांत हजारो नमुने हाताळून कळले. उत्क्रांतीवरच्या १८५९ च्या ग्रंथामागे ही तालीम होती, असे मी निःशंक म्हणेन. आज भाऊच्या धक्क्याच्या खांबांवर बसलेल्या अँफिट्राइटला शास्त्रीय नाव डार्विननेच १८५४ च्या खंडात दिले. त्याने या जातीचे जे पोटप्रकार मानले, त्यांतले काही आता स्वतंत्र जाती ठरले आहेत.

भारतात कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेल्सन ॲनंडेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्नेकलवर लिहिले. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या क्थॅमॅलस मलायेन्सिसवर कारंडे आणि पालेकर यांचा निबंध १९६३ चा आहे. कारंडे यांचे आडनाव टेट्राक्लायटेला कारंडेई या जातीच्या नावात कायमचे राहिले आहे. मराठी वाचकाला ही माणसे माहीत असायला हवीत, म्हणून त्यांच्या कामाची सविस्तर ओळख शेवटच्या प्रकरणात करून दिली आहे.

पुस्तक वाचायला जीवशास्त्राचे शिक्षण लागत नाही. शाळेतल्या मुलाने पहिली दोन प्रकरणे वाचून थेट खडकावर जावे, बाकीची परत आल्यावर वाचावीत. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी खाडीच्या आणि पट्ट्यांच्या प्रकरणांपासून सुरुवात केली तरी चालेल.

वाचकाकडे एक मागणे आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ॲलन साउथवर्ड यांनी १९५० च्या दशकापासून त्याच त्या खडकांवरची बार्नेकल दशकानुदशके मोजली. थंडी मानवणारी जाती कमी झाली की समुद्र तापतो आहे, हे त्या मोजणीतून वाचता आले. अशा नोंदी कोकणात जितक्या जास्त ठिकाणी होतील, तितक्या पुढच्या पिढीच्या कामी येतील. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या गावच्या खडकावर एक पक्की खूण ठरवा, शेजारी फूटपट्टी ठेवून दर वर्षी त्याच महिन्यात, उधाणाच्या ओहोटीला, तेवढ्याच जागेचा फोटो काढा आणि मागे तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा. भरतीचे वेळापत्रक पाहूनच खडकावर उतरा, पायांत जाड तळाचे बूट घाला, उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा आणि बार्नेकल खरवडून घरी आणू नका. फोटो जपून ठेवा. दहा वर्षांनी ते मागायला कोणीतरी नक्की येईल.